कागदावरचा रंग

दहा वर्षांची एक मुलगी शाळेत होती. साल १९६६, मार्च महिना. शाळेत दोन पोलीस आले. त्यांनी मुलीला बरोबर घेतले आणि घरी नेऊन सोडले. या शाळेत आता हिला जागा नाही, असे आईबापांना कळले.

तुम्ही म्हणाल, पोरीनं केलं तरी काय? चोरी केली? कुणाचं डोकं फोडलं? फी थकली होती? तसे काही नव्हते. मुलीचा रंग सावळा होता आणि केस दाट कुरळे होते. एवढेच. शाळा गोऱ्या मुलांची होती.

आता यातली गंमत पाहा. गंमत म्हणतो खरी, पण हसण्यासारखे त्यात काही नाही. या मुलीचे आईबाप गोरे होते. आजीआजोबा गोरे समजले जात. घरात दोन भाऊ, तेही सरकारदरबारी गोरे. मुलीची नोंदही आधी गोरी म्हणूनच होती. मग एके दिवशी सरकारने तिचा कागद बदलला. काल गोरी असलेली मुलगी आज गोरी राहिली नाही. तिचा रंग मात्र काल होता तोच आज होता.

मुलीचे नाव सँड्रा लेंग. देश दक्षिण आफ्रिका. तिच्या आयुष्यावर पुढे पुस्तक निघाले, सिनेमा निघाला. साऱ्या जगाला ती ठाऊक झाली, म्हणून आम्ही इथे तिचे नाव घेतो.

दक्षिण आफ्रिका हा देश आपल्याला अगदीच परका नाही. गांधीजी तरुण होते, तेव्हा वकिलीच्या कामासाठी तिथे गेले होते. १८९३ साली त्यांना आगगाडीच्या पहिल्या वर्गाच्या डब्यातून खाली उतरवले. तिकीट पहिल्या वर्गाचे होते, पण कातडी गोरी नव्हती. पीटरमॅरिट्झबर्ग नावाच्या स्टेशनावर त्यांनी रात्रभर थंडीत कुडकुडत काढली. तोच हा देश. आफ्रिका खंडाच्या नकाशात अगदी खाली, टोकाला बघा. दोन बाजूंना दोन महासागर आहेत.

या देशात मिश्र वंशाची माणसे कुठून आली, ते आधी पाहू. त्याशिवाय पुढची हकीकत कळायची नाही.

१६५२ साली हॉलंड देशाचे डच व्यापारी तिथे उतरले. त्यांची जहाजे युरोपातून आपल्या बाजूला मसाल्याच्या व्यापाराला येत. वाटेत पाणी, भाजी, मांस हवे, म्हणून त्यांनी टोकावर ठाणे बांधले. त्या ठाण्याचे पुढे केपटाऊन शहर झाले. तिथे मूळचे खोईखोई लोक होते. ते गुरे पाळत. डचांनी त्यांच्या जमिनी घेतल्या आणि कामासाठी बाहेरून गुलाम आणले. हे गुलाम मादागास्कर बेटावरून आले, पूर्व आफ्रिकेतून आले, इंडोनेशियाच्या बेटांवरून आले. आणि आपल्याकडूनही गेले. बंगाल, मलबार, कोरोमंडल अशा किनाऱ्यांवरून माणसे विकत घेऊन तिकडे नेली जात. आपल्याकडच्या इतिहासात हे फारसे सांगत नाहीत.

निरनिराळी माणसे एका गावात राहिली, की त्यांची मुलेबाळेही होतात. काही लग्ने झाली. पुष्कळ ठिकाणी मात्र जबरदस्ती झाली. मालकाला नाही म्हणायची सोय गुलाम बाईला कुठली? अशा सगळ्यांतून जी प्रजा झाली, तिला पुढे ‘कलर्ड’ म्हणू लागले. कलर्ड म्हणजे रंगाचे, रंगीत. जणू बाकीच्या माणसांना रंगच नाही!

तेव्हा ही काही काल-परवाची मिसळण नव्हती. तीनशे वर्षांची होती. कलर्ड लोकांची भाषा बहुतेक ठिकाणी आफ्रिकान्स, म्हणजे डच भाषेतून तयार झालेली, गोऱ्या शेतकऱ्यांचीच भाषा. कुणी ख्रिस्ती, कुणी मुसलमान. आणि उलट बाजूनेही पाहा. स्वतःला शुद्ध गोरे म्हणवणाऱ्या कितीतरी घराण्यांत मागे कधीतरी एखादी गुलाम पणजी-खापरपणजी होऊन गेलेली असे. कुणी ते बोलत नसे एवढेच.

सँड्राचे कोडे असेच जाणकारांनी सोडवले. आपल्याकडे नाही का म्हणत, पोरगं आईवर गेलं नाही, बापावर गेलं नाही, पार पणजोबांवर गेलं? कातडीचा रंग एका गोष्टीने ठरत नाही, आईबापांकडून आलेल्या अनेक गुणांनी मिळून ठरतो. मागच्या पिढ्यांत दडून राहिलेले काही पुढे एखाद्या मुलात एकत्र उमटते. शेतकऱ्याला हे सांगायला नको. पांढऱ्या गाईला काळं खोंड झालेलं आपण पाहतोच. तिथे कुणी पोलीस बोलावत नाही.

१९४८ साली दक्षिण आफ्रिकेत निवडणूक झाली. मते बहुतेक गोऱ्यांनाच होती. नॅशनल पार्टी नावाचा पक्ष निवडून आला. त्यांचे म्हणणे असे, की प्रत्येक वंशाने वेगळे राहावे. याला त्यांच्या भाषेत अपार्थाईड म्हणत. अपार्थाईड म्हणजे वेगळेपण. शब्द साधा आहे, पण त्या वेगळेपणात चांगली जमीन, चांगली शाळा, चांगला दवाखाना आणि राज्यकारभार सगळे गोऱ्यांकडे. काळ्या माणसाला स्वतःच्या देशात फिरायला पास लागे. पास जवळ नसला, की तुरुंग.

मग कायदे आले. १९४९ साली गोऱ्यांनी इतरांशी लग्न करायला बंदी झाली. १९५० साली लग्नावाचूनच्या संबंधालाही बंदी झाली. काळ्या आणि गोऱ्यांच्या संबंधाला आधीपासून बंदी होतीच, आता ती सगळ्यांना लागू झाली. पोलीस रात्री घरांत शिरून अंथरुणे तपासत. त्याच १९५० साली आणखी एक कायदा झाला. देशातल्या प्रत्येक माणसाचा वंश ठरवायचा आणि तो वहीत लिहून ठेवायचा. गोरा, काळा की कलर्ड? भारतीय लोकांना आधी कलर्ड लोकांतच धरले, पुढे त्यांचा वेगळा खण केला.

आपल्या घरात मिसळणाचा डबा असतो. हळदीचा खण वेगळा, तिखटाचा वेगळा, मोहरीचा वेगळा. सरकारला माणसांचा असा डबा करायचा होता. पण वाटून एक झालेला मसाला कुठल्या खणात घालणार?

इथेच कायद्याची पंचाईत झाली. गोरा कोण? तर जो दिसायला उघड गोरा आहे किंवा ज्याला लोक गोरा मानतात, तो. काळा कोण? तर आफ्रिकेच्या मूळ जमातीचा, किंवा ज्याला लोक तसा मानतात, तो. आणि कलर्ड? जो गोराही नाही आणि काळाही नाही, तो. वाचून पुन्हा वाचा. यात अर्थ लागतो का पाहा. आम्हांला तरी लागला नाही. माणूस काय आहे ते सांगताच येत नव्हते, काय नाही तेवढे सांगून वेळ भागवली.

मग कचेरीत माणसे उभी करीत. साहेब नाक बघे, ओठ बघे, कातडी बघे. केसांची परीक्षा तर फारच प्रसिद्ध आहे. केसांत शिसपेन्सिल खोचायची. खाली पडली तर केस सरळ, माणूस गोरा. अडकून राहिली तर केस कुरळे, माणूस गोरा नाही. अहो, आपल्याकडे बाजारात बैल घेतानासुद्धा माणूस याहून जास्त विचार करतो.

त्या पेन्सिलीवर काय काय अवलंबून होते, ते ध्यानात घ्या. कुठल्या वस्तीत घर, कुठल्या शाळेत पोर, कुठली नोकरी, किती पगार, कुणाशी लग्न, कुठल्या दवाखान्यात मरण. बागेतल्या बाकावर बसायचे की नाही, हेसुद्धा. बाकांवर ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशा पाट्या असत. ज्याला वाचता येत नसे, त्याला शिपाई हाकलून शिकवी.

हे वाचताना आपल्या मनात गावची विहीर आली असेल, महाडचे चवदार तळे आले असेल. येणारच. १९२७ साली डॉक्टर आंबेडकर हजारो माणसांना घेऊन त्या तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा त्यांना जे मोडायचे होते ते या बाकांच्या जवळचेच होते. दोन्ही गोष्टी अगदी एक नाहीत. आपल्याकडे रूढीने माणसे तोडली, तिकडे सरकारने कचेरी उघडून तोडली. पण ज्याच्या पायाखालची वाट काढून घेतली जाते, त्याला हा फरक काय जाणवणार?

मिश्र घरांत तर घरातल्या घरातच दुफळी झाली. एकाच आईची दोन मुले. एक उजळ, एक सावळा. उजळ असलेला अर्ज करून गोरा व्हायचा. मग त्याला चांगली नोकरी मिळायची, पण आईच्या वस्तीत राहता यायचे नाही. रस्त्यात सावळा भाऊ दिसला, तर ओळख दाखवायची चोरी. काही जणांनी अशी आई-भावंडे कायमची सोडली. आणि शेजाऱ्याच्या मनात वाकडे आले, तर तो कळवू शकत असे, की अमक्याचे घर खरे गोरे नाही. लगेच चौकशी सुरू.

आता सँड्राकडे परत जाऊ.

तिचे आईबाप दुकान चालवीत. गिऱ्हाईक बहुतेक काळे लोक. पण आईबाप मनाने पक्के गोरे, आणि ज्या पक्षाने हे कायदे केले त्याच पक्षाचे पाठीराखे. मुलीला त्यांनी गोऱ्यांच्या शाळेत वसतिगृहात ठेवले. तिथे मुले तिला चिडवीत. इतर मुलांच्या आईबापांनी तक्रारी केल्या. शेवटी सरकारने ठरवले, की ही मुलगी कलर्ड आहे, आणि पोलीस आले.

बाप चवताळला. तो कोर्टात गेला, वर्तमानपत्रांकडे गेला. लोक तर आईवरच संशय घेऊ लागले होते, म्हणून त्याने रक्त तपासून घेतले. ही मुलगी त्याची असू शकते, असेच तपासणीतून दिसले. १९६७ साली कायदाच बदलला. आईबाप दोघे गोरे नोंदलेले असले, तर मूलही गोरेच धरायचे, असे ठरले. सँड्रा पुन्हा गोरी झाली.

कागदावर झाली. गोऱ्या लोकांनी काही तिला जवळ केले नाही. तिच्याशी खेळायला उरली ती कामावरच्या काळ्या माणसांची मुले. त्यांच्यात तिला कुणी हसत नसे. पुढे वयात आल्यावर, विशी गाठण्याआधीच, ती एका काळ्या तरुणाबरोबर शेजारच्या स्वाझीलँड देशात निघून गेली. बापाने तिला तोडले. पुन्हा तिचे तोंड पाहिले नाही.

तिला दोन मुले झाली. बाप काळा, म्हणून मुलांची नोंद कलर्ड. आता पुन्हा कागद आडवा आला. कागदोपत्री आई गोरी आणि मुले कलर्ड. गोऱ्या बाईला अशी मुले आपल्याजवळ ठेवता येणार नाहीत. तेव्हा सँड्राने सरकारकडे अर्ज केला, की मला कलर्ड करा. बापाने एवढे भांडून जे गोरेपण तिला मिळवून दिले, ते तिने लेकरांसाठी परत केले.

हा धडा आम्ही एका रात्रीच्या वर्गात वाचून दाखवला. मागे बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, “बापाचं जाऊ द्या. आईनं कसं राहवून घेतलं?” त्यावर एक जण म्हणाला, “मावशी, नवऱ्यापुढं आई काय बोलणार?” बराच वेळ वाद चालला. कंदिलातले तेल संपत आले, तरी कुणी उठेना. कुणी बापाची बाजू घेतली, की तोही कायद्यापुढे लाचार होता. आम्हांला ते पटत नाही. बाप कायद्याशी भांडला हे खरे. पण तो सगळ्यांच्या मुलांसाठी भांडला नाही. माझी मुलगी चुकून पलीकडच्या खणात पडली, एवढेच त्याचे गाऱ्हाणे होते. डबा त्याला मान्य होता. मुलीने स्वतःच्या मनाने तो खण ओलांडला, तेव्हा त्याने तिला सोडले.

आईचे मात्र मावशींना आम्ही सांगितले. बाप घरी नसेल, तेव्हा सँड्रा चोरून आईला भेटून येई. मग आईबापांनी गाव बदलले आणि तेही तुटले. बाप वारला. २००० साली एका वर्तमानपत्राच्या मदतीने सँड्राला आईचा पत्ता लागला. आई म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात होती, दुखण्याने खचलेली. दोघी भेटल्या. पुढच्याच वर्षी आई गेली.

मावशी काही बोलल्या नाहीत. पदराने डोळे पुसून त्यांनी पाटी उचलली.

आणखी एका मुलाची हकीकत सांगतो. ही पुढच्या पिढीची, आणि हा मुलगा आज जगभर हसवणारा माणूस म्हणून प्रसिद्ध आहे. ट्रेव्हर नोआ त्याचे नाव. तो १९८४ साली जोहान्सबर्ग शहरात जन्मला. आई खोसा जमातीची, काळी. बाप स्वित्झर्लंड देशाचा, गोरा. कायदा तेव्हाही लागू होता. अशा संबंधाला तुरुंगवास होता. म्हणजे हे मूल म्हणजे आईबापांच्या गुन्ह्याचा चालताबोलता पुरावाच. २०१६ साली त्याने आपल्या लहानपणावर पुस्तक लिहिले, त्याला ‘बॉर्न अ क्राइम’ नाव दिले. जन्म हाच गुन्हा, असा त्याचा अर्थ.

आई काळी आणि मूल उजळ. असे मूल हातात धरून आई रस्त्याने जाणार कशी? तिने युक्ती काढली. ओळखीची एक कलर्ड बाई होती. तिला ती बागेत बरोबर नेई. मुलाचा हात त्या बाईच्या हातात. बघणाऱ्याला वाटावे, हीच आई. आणि खरी आई चार पावले मागून, मोलकरणीसारखी. फोटो निघाले, त्यांत तीच दोघे पुढे आणि आई मागे.

बापाची तर आणखी तऱ्हा. एकदा बागेत बाप लांबून चालला होता. पोराने हाका मारल्या आणि मागे धावत सुटले. लोक बघू लागले. बाप घाबरून पळू लागला. पोराला वाटले, हा खेळच आहे! ते आणखी जोराने धावले.

सोवेटो ही काळ्या लोकांची मोठी वस्ती. तिथे त्याची आजी राहत असे. सुट्टीत मुलगा तिथे गेला, की बाकीची भावंडे रस्त्यावर खेळत आणि याला आजी घरात कोंडून ठेवी. कुणी पाहिले, पोलिसांना सांगितले, तर पोर उचलून नेतील ही भीती. घरात मात्र त्याचे लाड. खोड्या केल्या, तर भावंडांना मार बसे, याला नाही. आजी म्हणे, काळ्या पोराला मारलं तर कळत नाही, याचं अंग हिरवंनिळं होतं, मला भीती वाटते. आजोबा त्याला मोटारीत मागच्या जागेवर बसवत आणि धनी म्हणून हाक मारत. थट्टेने म्हणत, पण त्या थट्टेत किती वर्षांची सवय होती! ट्रेव्हरने मोकळेपणाने लिहिले आहे, की हे लाड त्याला आवडत. आम्हांला त्याचा हा खरेपणा मोलाचा वाटतो. अन्यायातून आपल्याला मिळालेला फायदा कबूल करायला माणूस सहसा तयार नसतो.

कायदे ढिले झाल्यावर तो सगळ्या वंशांच्या शाळेत गेला. मधल्या सुट्टीत पाहतो तर गोरी मुले एकीकडे, काळी मुले दुसरीकडे. हा मध्ये उभा. कुणाकडे जावे? त्याच्याशी पहिल्यांदा येऊन बोलला तो एक भारतीय मुलगा. तोही तसाच एकटा. मग काळी मुले आपापसात बोलू लागली, तेव्हा ट्रेव्हरने त्यांना त्यांच्याच भाषेत उत्तर दिले. मुले थक्क झाली. त्याला खोसा येत होती, झुलू येत होती, आणखीही भाषा येत होत्या. ज्याच्याशी बोलायचे त्याची भाषा तो बोले, आणि समोरचा त्याला आपला समजे. शाळेने त्याला हुशार मुलांच्या वर्गात घातले होते. तिथे जवळजवळ सगळी गोरी मुले. त्याने सांगितले, मला त्या दुसऱ्या वर्गात, काळ्या मुलांत बसवा. शाळेच्या बाईंनी समजावले, अरे, तुझं नुकसान होईल. त्याने ऐकले नाही. रंग त्याला निवडता आला नव्हता. वर्ग त्याने निवडला.

ही दोन मुलांची झाली. पण कलर्ड लोक लाखोंनी होते. १९५६ साली केप प्रांतात त्यांना गोऱ्यांच्या मतदारयादीतून काढून टाकले. काळ्यांपेक्षा त्यांना थोडे बरे वागवायचे, म्हणजे दोघे एकमेकांकडे संशयाने बघत राहतील, असे सरकारचे धोरण. आणि ते बरेच चाललेही.

केपटाऊनमध्ये डोंगराच्या पायथ्याला एक दाट वस्ती होती. तिचे नाव डिस्ट्रिक्ट सिक्स, म्हणजे सहावा भाग. राहणारे बहुतेक कलर्ड, त्यांत मुसलमान, ख्रिस्ती, काळे, भारतीय, सगळे लागून लागून. केपटाऊन शहरात आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेले कोकणी मुसलमानही होते. त्यांनी तिथे दुकाने थाटली होती. या वस्तीत गरिबी होती, घरे दाटीची होती, गुंड होते. पण गाणेबजावणे होते आणि दारे उघडी असत. ज्या वस्तीत माणसे मिसळून राहतात ती सरकारच्या डोळ्यात खुपणारच. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी जाहीर झाले, की हा भाग आता फक्त गोऱ्यांचा. म्हणजे सँड्राला शाळेतून काढले, त्याच्या एकच महिना आधी.

साठ हजारांहून जास्त माणसे तिथून हलवली. लांब वाळूच्या माळावर, केप फ्लॅट्स म्हणतात तिथे, त्यांना नेऊन टाकले. एका गल्लीतले शेजारी चार दिशांना गेले. कामाची जागा दूर पडली. घरे यंत्रांनी पाडली. मशिदी आणि चर्चे तेवढी उभी राहिली. एवढे करून गोरे लोक तिथे राहायला आलेच नाहीत. ती जमीन बहुतेक तशीच ओसाड पडून राहिली.

हे किती दिवस चालणार? काळे, कलर्ड, भारतीय, आणि काही गोरेसुद्धा लढले. कितीतरी जण तुरुंगात गेले, मेले. आपल्या देशाने १९४६ सालीच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता आणि जगाच्या सभेत हा प्रश्न मांडला होता. लग्नबंदीचे कायदे १९८५ साली गेले. वंश लिहिण्याचा कायदा १९९१ साली गेला. २७ एप्रिल १९९४ रोजी सगळ्या वंशांची माणसे पहिल्यांदा एका रांगेत उभी राहून मत देऊ लागली. नेल्सन मंडेला अध्यक्ष झाले.

गोरा, काळा, कलर्ड हे शब्द मात्र गेले नाहीत. जुने अन्याय मोजून भरून काढायचे, तर कुणावर झाले ते लिहावे लागते, म्हणून अजूनही अर्जांवर तो रकाना असतो. २०२२ च्या खानेसुमारीत शंभरांतल्या आठ जणांनी स्वतःला कलर्ड सांगितले. पण आता पेन्सिल केसांत जात नाही. माणूस सांगेल ते लिहिले जाते. कलर्ड लोकांत पुष्कळ जण कुरकुरतात, की पूर्वी आम्ही पुरेसे गोरे नव्हतो, आता पुरेसे काळे नाही. कुणी म्हणतात, हा शब्दच नको. कुणी म्हणतात, शब्द आमचा, आमची भाषा आमची, आमचे जेवण आमचे, का टाकू? त्यांचा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो दुसऱ्या कुणी मिटवायचाही नाही.

डिस्ट्रिक्ट सिक्सच्या एका जुन्या चर्चमध्ये १९९४ साली संग्रहालय उघडले. घरे पाडणाऱ्यांतल्याच एका माणसाने रस्त्यांच्या नावांच्या पाट्या गुपचूप जपून ठेवल्या होत्या. त्या आता तिथे टांगल्या आहेत. खाली जमिनीवर त्या वस्तीचा मोठा नकाशा आहे. गल्ल्या, चौक, सगळे त्यात आहे. जुने रहिवासी येतात, आपली गल्ली शोधतात, आणि आपले घर होते त्या जागी स्वतःच्या हाताने नाव लिहितात. एक लांबच लांब कापडही तिथे ठेवले आहे. त्यावरही माणसे नावे लिहितात, आणि मग त्या अक्षरांवरून दोऱ्याने टाके घालतात, म्हणजे नाव पुसले जाऊ नये.